हलती गाठ आणि प्रोटॉनचा नेम



यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत कामगारांच्या प्रश्नावर बोलण्याऐवजी कर्करोगावरील एका नव्या उपचारावर बोलण्याचे आम्ही ठरविले, तेव्हा चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारले, "अहो, हा विषय डॉक्टरांचा. तुम्ही त्यात कशाला पडता?" त्यांची शंका रास्त होती. आम्ही डॉक्टर नाही आणि शास्त्रज्ञही नाही. दहावीच्या परीक्षेत इंग्रजीने आम्हांस अडविले ते कायमचेच. पुढे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके अडखळत वाचून झाले. परंतु तीस वर्षांच्या या कामात एक गोष्ट आम्ही पक्की शिकलो. ज्या कागदावर आपल्या माणसाने अंगठा उठवावयाचा, त्या कागदात काय लिहिले आहे ते आधी समजून घ्यावे. उपचाराला संमती देण्याचा कागद हाही त्यातलाच. म्हणून या विषयात पडलो.

विषय आमच्याकडे चालून आला तो असा. २०२३ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या संघटनेतील एका जुन्या हमालाच्या उजव्या फुप्फुसात, अगदी तळाशी, गाठ निघाली. सारी हयात पाठीवर पोती वाहिलेला माणूस. खोकला आला तरी धुळीचा म्हणून अंगावर काढलेला. त्याच्या शिकलेल्या पुतण्याने मोबाइलवर वाचले की नवी मुंबईत खारघरला एक नवे यंत्र आले आहे, त्याचे किरण फक्त गाठीला मारतात, बाकी शरीराला धक्का लावीत नाहीत. झाले! घरात बेत ठरू लागला की दोन एकर जिराईत विकावी आणि म्हाताऱ्याला तेथे न्यावे. एके संध्याकाळी दोघे आमच्याकडे आले. म्हातारा ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "अण्णा, रान इकावं का ठिवावं, एवढं तुमी सांगा."

आम्ही उत्तर दिले नाही. ठाऊक नसताना सल्ला देणे यासारखे दुसरे पाप आमच्या कामात नाही. एवढेच म्हणालो की, आम्ही बरोबर येतो, आपण विचारू. मग मुंबईस जाऊन एका मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारले, परत येऊन वाचले, पुन्हा विचारले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम जुन्या किरणांविषयी. राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, आणि थोड्याच काळात त्यांचा उपयोग गाठी जाळण्याकडे होऊ लागला. मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले. आपल्याच जिल्ह्यात बार्शीस नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय १९८० नंतरच्या वर्षांत उभे राहिले. अशा ठिकाणी किरणोपचार म्हणजे मुख्यतः हेच क्ष-किरण किंवा त्यांचेच भाऊबंद गॅमा-किरण. हे किरण प्रकाशाच्या जातीचे आहेत. ते अंगात एका बाजूने शिरतात, कातडीखाली थोड्या खोलीवर त्यांचा जोर सर्वांत अधिक असतो, तेथून तो हळूहळू कमी होत जातो, आणि उरलेले किरण दुसऱ्या बाजूने बाहेर पडतात. म्हणजे गाठीच्या अलीकडचे निरोगी मांस भाजते आणि पलीकडचेही. यावर तोड म्हणून अनेक दिशांनी थोडे थोडे किरण सोडतात. सगळ्या दिशा गाठीवर येऊन मिळतात, त्यामुळे गाठीला मारा जास्त बसतो आणि इतर अवयवांना विभागून कमी. ही युक्ती उत्तम आहे, आणि आजही बहुसंख्य रुग्णांचे काम तिच्यावर भागते.

प्रोटॉनची जात निराळी. प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा. त्याला वजन आहे आणि त्यावर धन विद्युतभार आहे. तो शरीरात शिरला म्हणजे वाटेतल्या अणूंशी झटापट करीत जातो, दर पावलास थोडी शक्ती गमावतो आणि मंदावतो. मौज अशी की, तो जितका मंदावतो तितकी त्याची शक्ती अधिक वेगाने खर्च होते. आपल्या स्टेशनावरून मेलगाडी धडधडत निघून जाते तेव्हा तीतून कोणी उतरत नाही. गाडी मंदावून थांबली म्हणजे मात्र डबेच्या डबे रिकामे होतात. प्रोटॉनचे तसेच. वेगात असताना तो वाटेवर थोडी शक्ती सांडतो आणि थांबण्याच्या जागी उरलेली सगळी ओतून टाकतो. त्याच्यापुढे काही नाही. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात अल्फा-कणांवर प्रयोग करताना हा गुण प्रथम पाहिला, म्हणून त्या अखेरच्या उसळीला ब्रॅगचे शिखर असे नाव पडले.

या गुणाचा रोग्याला उपयोग होईल हे १९४६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाने लिहून दाखविले. युद्धकाळात हा गृहस्थ अणुबाँबच्या कामावर होता; युद्ध संपल्यावर त्याने कणांचा हा दुसरा उपयोग सुचविला. १९५४ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे पहिल्या रुग्णांवर प्रोटॉनचा उपचार झाला. आपल्या देशात पहिले प्रोटॉन केंद्र २०१९ साली चेन्नईला एका खासगी रुग्णालयात सुरू झाले. नंतर टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील आवारात राष्ट्रीय हॅड्रॉन झोत उपचार केंद्र उभे राहिले. २०२३ सालच्या मे महिन्यात ते राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच वर्षी तेथे रुग्णांवर उपचार होऊ लागले. पुतण्याने वाचले ते हेच. म्हणजे बातमी खरी होती.

हे काम चालते कसे? सायक्लोट्रॉन नावाच्या गोल यंत्रात प्रोटॉन फिरवून फिरवून त्यांना वेग देतात. २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टइतकी शक्ती मिळाली म्हणजे प्रोटॉन पाण्यात सुमारे ३३ सेंटिमीटर खोल जातो. १०० दशलक्षांचा असला तर पाऊणेआठ सेंटिमीटरांच्या आसपास थांबतो. शरीराचे मांस बरेचसे पाण्यासारखेच. तेव्हा शक्ती कमीजास्त केली की थांबण्याची खोली पाहिजे तेवढी ठेवता येते. काही मिलिमीटर जाडीचा बारीक झोत चुंबकांनी डावीउजवीकडे, वरखाली वळवितात आणि गाठीचा एक थर ठिपक्याठिपक्यांनी भरून काढतात. मग शक्ती कमी करून त्याच्या अलीकडचा थर भरतात. असे थरावर थर देऊन सबंध गाठ भरली जाते. स्वित्झर्लंडमध्ये १९९६ साली आणि जर्मनीत डार्मस्टाट येथे १९९७ साली या ठिपक्यांच्या पद्धतीने रुग्णांवर उपचार सुरू झाले. डार्मस्टाटला प्रोटॉनऐवजी त्याहून जड असे कार्बनचे कण वापरीत.

येथवर सगळे सुरेख दिसते. परंतु या पद्धतीने आरंभी कोणत्या गाठी घेतल्या, ते पाहा. कवटीच्या तळाच्या, मेंदूच्या, पाठीच्या कण्याजवळच्या. म्हणजे अशा जागेच्या, जेथे गाठ हाडाला धरून स्वस्थ असते. फुप्फुस आणि यकृत या जागांना तज्ज्ञ बिचकत होते. त्याचे कारण सांगण्यासाठी आम्हांस दूर जावयास नको. आपले केम हे कुंकवाचे गाव आहे. येथल्या कारखान्यांतले कुंकू दूरदूरच्या बाजारात जाते. तेव्हा कुंकवाचाच दाखला घेऊ.

लहान मुलीच्या कपाळावर आईने अंगठ्याने कुंकू टेकविले, तर मुलगी थोडी हलली तरी बिघडत नाही. टिळा जरा वाकडा होईल, जरा पसरेल, पण लागेल. आता त्याच आईने बारीक काडी घेऊन चंद्रकोर कोरावयास घेतली आणि मुलगी मान हलवीत राहिली, तर? एखादी रेघ दोनदा ओढली जाईल, एखादी जागा कोरडी राहील, आणि एखादा फराटा भुवईवर जाईल. काडी जितकी बारीक तितका हलण्याचा उपद्रव अधिक. क्ष-किरणांचा रुंद झोत म्हणजे अंगठा, आणि प्रोटॉनचा ठिपका म्हणजे काडी. ज्या बारीकपणासाठी प्रोटॉन घ्यावयाचा, तो बारीकपणाच हलत्या गाठीपुढे अडचणीत येतो.

आणि फुप्फुसातली गाठ हलणारच, कारण माणूस श्वास घेणारच. स्वस्थ पडलेला माणूस मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. फुप्फुसाच्या वरच्या भागातील गाठ काही मिलिमीटरच सरकते. पण तळाशी, श्वासपटलाजवळ असलेली गाठ दर श्वासाला एक-दोन सेंटिमीटर वरखाली होते, कधी त्याहूनही अधिक. यकृताचेही तसेच. इकडे यंत्राचा झोत थरामागून थर भरीत चाललेला आणि तिकडे गाठ आपल्या तालावर डुलणारी. दोन ताल जुळले नाहीत तर गाठीच्या एका भागाला दुप्पट मारा बसतो आणि दुसरा भाग कोरडा राहतो. कर्करोगात कोरडा राहिलेला भाग म्हणजे रोग पुन्हा उगवण्याचे बी.

हे झाले आडव्या-उभ्या दिशेचे. खोलीचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि तो क्ष-किरणांना फारसा नाही. फुप्फुस हवेने भरलेले असते. त्याची घनता पाण्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकीच. प्रोटॉन मांसातून एक सेंटिमीटर जाईल तेवढ्या शक्तीत तो फुप्फुसातून तीन-चार सेंटिमीटर निघून जातो. आता असे समजा की, झोत गाठीत थांबेल असा हिशेब केला, आणि नेमक्या त्या क्षणी गाठ खाली सरकून तिच्या जागी हवेचे फुप्फुस आले. प्रोटॉन तेथे थांबत नाही. तो पुढे जातो आणि मागे हृदय असेल तर हृदयात, मज्जारज्जू असेल तर मज्जारज्जूत आपली उरलेली शक्ती ओततो. उलट वाटेत एखादी बरगडी आली, तर तो अलीकडेच अडतो. म्हणजे गाठ हलली की नेम चुकतो एवढेच नव्हे, बाणाची पोचच बदलते.

डॉक्टरीणबाईंनी हे समजावून दिले तेव्हा आमच्या मनात कारखान्याचा विचार आला. आम्ही आयुष्यभर पाहिले ते असे की, यंत्र आपल्या चालीने चालते आणि माणसाने आपले हातपाय, आपली भूक, आपली लघवी देखील त्याच्या चालीशी जुळवून घ्यावयाची. पट्टा थांबत नाही. माणसाने थांबू नये. आमची निम्मी भांडणे याच एका गोष्टीवरून झाली. आणि येथे कोट्यवधींचे यंत्र अशा जागी येऊन अडले होते की, जेथे माणसाला यंत्राच्या चालीवर आणणे शक्यच नाही. श्वास बंद ठेवून कोणी जगत नाही. तेव्हा यंत्रालाच माणसाच्या श्वासाची चाल शिकावी लागली. हे कसे साधले ते आता क्रमाने सांगतो. दाखला कुंकवाचाच ठेवू.

सर्वांआधी मुलगी किती आणि कशी हलते हे पाहावयास पाहिजे. त्यासाठी साध्या स्कॅनऐवजी चार-मितीचे स्कॅन काढतात. रुग्णाच्या पोटावर एक लहानशी खूण ठेवतात किंवा पट्टा बांधतात; त्यावरून पोट केव्हा वर गेले आणि केव्हा खाली आले याची नोंद होते. स्कॅनची चित्रे त्या नोंदीप्रमाणे, बहुधा दहा भागांत, लावून घेतात. मग गाठीचा सबंध झोका डोळ्यांपुढे उभा राहतो. हे केल्यावाचून हलत्या गाठीवर कणांचा उपचार करू नये, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात.

पहिला उपाय म्हणजे मुलीचे डोके हलके धरणे. पोटावर पट्टा आवळून किंवा फळी दाबून श्वास उथळ करतात. त्याने गाठीचा झोका कमी होतो, पण पुरता थांबत नाही. दुसरा उपाय, "जरा थांब गं" असे म्हणणे. रुग्णाला खोल श्वास घेऊन पंधरा-वीस सेकंद रोखून धरावयास शिकवितात आणि तेवढ्यात झोत सोडतात. असे पुन्हा पुन्हा करतात. तरुण, धडधाकट माणसाला हे जमते. ज्याचे फुप्फुसच रोगाने किंवा विडीने खाल्ले आहे, त्याला हे जमणे कठीण.

तिसरा उपाय, मुलगी आपण होऊन स्वस्थ होईल तेव्हाच काडी टेकविणे. श्वास सोडून झाल्यावर पुढचा श्वास घेण्यापूर्वी छाती क्षणभर विसावते. त्या वेळी गाठ दर खेपेस बहुतेक त्याच जागी असते. यंत्र पोटावरची खूण पाहत राहते, तो विसावा आला की झोत सोडते आणि गेला की बंद करते. जपानात चिबा येथे १९९४ साली कार्बन-कणांचा उपचार सुरू झाला, आणि तेथील लोकांनी त्याच दशकात ही रीत वापरात आणली. जपानातच होक्काइडो विद्यापीठाने आणखी एक पाऊल टाकले. पोट आणि गाठ नेहमी बरोबरच हलतात असे नाही. म्हणून त्यांनी गाठीजवळ सोन्याचा बारीक मणी बसविला आणि क्ष-किरणांच्या दोन कॅमेऱ्यांनी तो सेकंदाला तीसपर्यंत वेळा पाहण्याची सोय केली. मणी ठरल्या जागेपासून काही मिलिमीटरांच्या आत आला तरच झोत सुटावयाचा. ही रीत त्यांनी आधी क्ष-किरणांसाठी बसविली आणि २०१४ पासून प्रोटॉनसाठीही वापरली. यात वेळ मात्र अधिक लागतो, कारण यंत्र बराचसा काळ वाट पाहत बसते. कोट्यवधींचे यंत्र एका माणसाच्या श्वासासाठी खोळंबून राहते, हे ऐकून आमचा हमाल हसला होता.

चौथा उपाय, एकदाच दाबून न ओढता हलक्या हाताने अनेक वेळा गिरविणे. त्याच थरावरून झोत पाच-दहा वेळा फिरवितात, दर खेपेस थोडाथोडा मारा देतात. एका खेपेस कोरडी राहिलेली जागा दुसऱ्या खेपेस भरते. चुका एकमेकींना सावरून घेतात. उपचार एका दिवसात न संपता अनेक दिवस चालतो, त्यानेही काही अंशी हेच साधते. मात्र गिरवून कोर भरीव होते, बारीक होत नाही. हलण्याइतका कडेचा भाग भाजावयाचा तो भाजतोच. म्हणून तिसरा आणि चौथा उपाय पुष्कळदा जोडीने करतात.

पाचवा उपाय सर्वांत देखणा आणि सर्वांत अवघड. मुलीच्या डोक्याबरोबर आपला हातच हलवावयाचा. गाठ जिकडे जाईल तिकडे झोताने तिचा पाठलाग करावयाचा. बाजूंचा पाठलाग चुंबकांनी होतो, खोलीचा पाठलाग करण्यासाठी झोताच्या वाटेत पाचरीसारखे तुकडे झटपट सरकवून त्याची पोच कमीजास्त करावी लागते. डार्मस्टाटच्या प्रयोगशाळेत हे करून दाखविले आहे. परंतु गाठ आता कोठे आहे हे कळून झोत वळेपर्यंत ती पुढे सरकलेली असते. म्हणजे ती पुढच्या क्षणी कोठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. माणसाचा श्वास घड्याळासारखा नसतो. तो खोकतो, दचकतो, डुलकी घेतो. अंदाज चुकला तर चूक दुप्पट होते. म्हणून हा उपाय अद्याप नित्याच्या उपचारात उतरलेला नाही.

श्वासाखेरीज आणखी एक हालचाल आहे, ती सावकाश होते म्हणून लक्षात येत नाही. उपचार पाच-सहा आठवडे चालतो. तेवढ्यात गाठ आटते, रुग्ण वाळतो, बसलेले फुप्फुस पुन्हा उघडते. पहिल्या आठवड्यात केलेला पोचेचा हिशेब चौथ्या आठवड्यात लागू पडेलच असे नाही. क्ष-किरणांत अशा फरकाने थोडेसे बिघडते. प्रोटॉनमध्ये पुष्कळ बिघडू शकते. म्हणून मधूनमधून पुन्हा स्कॅन काढून हिशेब नव्याने मांडावा लागतो. मजुरीचा करार जसा महागाई वाढली की फिरून पाहावा लागतो, तसेच हे.

आता आमच्या हमालाकडे वळू. डॉक्टरीणबाईंनी चार-मितीचे स्कॅन काढावयास सांगितले. टेबलावर निजवून तंत्रज्ञाने नेहमीच्या सवयीने सांगितले, "बाबा, हलायचं नाही." आमचा माणूस जन्मभर हुकूम ऐकत आलेला. त्याने दम कोंडून धरला. चेहरा लाल झाला तरी श्वास सोडीना. यंत्रावर नोंद वेडीवाकडी येऊ लागली तेव्हा तंत्रज्ञ धावत आला. म्हातारा विचारतो, "साहेब, मग दम घेऊ का?" त्या भल्या मुलाने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितले, "बाबा, तुम्ही घरी निजता तसा श्वास घ्या. मशीन तुमच्या श्वासाप्रमाणे चालतं, तुम्ही मशीनप्रमाणे नाही." म्हातारा निवांत झाला आणि स्कॅन नीट निघाले. या सगळ्या विषयाचे सार आम्हांस पुस्तकात न सापडता त्या एका वाक्यात सापडले.

गाठीचा झोका दीड सेंटिमीटरांचा निघाला. छाती विडीने पोखरलेली, श्वास रोखून धरणे शक्य नव्हते. बाईंनी सगळे हिशेब मांडून स्पष्ट सांगितले की, या गाठीला श्वासाचा हिशेब धरून दिलेले क्ष-किरण आणि जोडीला औषधे हाच उपचार योग्य. प्रोटॉनने याहून अधिक लाभ होईल असे त्या म्हणू शकत नाहीत. त्यांनी एका चाचणीचाही दाखला दिला. अमेरिकेत फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटून एका गटाला प्रोटॉन आणि दुसऱ्याला नीट आखलेले क्ष-किरण दिले; २०१८ साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात प्रोटॉनचा गट सरस ठरला नाही. ती चाचणी प्रोटॉनच्या जुन्या, रुंद झोताच्या पद्धतीने झाली होती, तेव्हा प्रश्न कायमचा मिटला असे नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. हृदयाला कमी मारा बसावा हा प्रोटॉनचा लाभ काही रुग्णांत मोलाचा ठरू शकतो. परंतु तो रुग्ण कोणता, हे गाठ आणि तिचा झोका पाहून ठरावयाचे. जाहिरात पाहून नव्हे.

मग प्रोटॉन कोणासाठी? लहान मुलांच्या मेंदूच्या आणि कण्याच्या गाठी हे त्याचे सर्वांत निर्विवाद क्षेत्र. वाढत्या अंगाच्या मुलाला गाठीपलीकडे मारा बसला नाही, तर त्याची वाढ, त्याची बुद्धी, त्याचे पुढचे पन्नास-साठ वर्षांचे आयुष्य वाचते. कवटीच्या तळाच्या गाठी, डोळ्यामागच्या गाठी, एकदा किरण देऊन झालेल्या जागी पुन्हा उठलेल्या गाठी यांचाही त्यावर मोठा हक्क. अशी केंद्रे आपल्या एवढ्या मोठ्या देशात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अशा वेळी पाळी कोणाची हे गरजेने ठरावे, पैशाने ठरू नये. आमच्या संघटनेची ही जुनीच मागणी आहे. फक्त ती आम्ही रेशनच्या दुकानापुढे करीत असू, आता येथेही करतो. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या केंद्राकडून ती करण्याचा आपणांस अधिकारही आहे.

म्हाताऱ्याचा उपचार क्ष-किरणांनी झाला. सहा आठवडे तो मुंबईस धर्मशाळेत राहिला. बराचसा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागला. तो पुढे पावणेदोन वर्षे जगला. त्यातले बरेच दिवस हिंडताफिरता होता, नातवाला खांद्यावर घेऊन बाजाराला येई. रोग शेवटी परतला आणि त्यात तो गेला. उपचाराने तो बरा झाला असे खोटे आम्ही सांगणार नाही. परंतु रान त्याच्या घरात राहिले. यंदा त्यात ज्वारी झाली. निष्कारण विकले असते तर ज्वारीही गेली असती आणि म्हाताराही.

तेव्हा ज्या घरावर असा प्रसंग येईल त्यांनी डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत. गाठ श्वासाबरोबर किती हलते, ती मोजली काय? हलण्यावर उपाय कोणता योजणार? मध्यंतरी पुन्हा स्कॅन काढून हिशेब तपासणार काय? आणि साध्या क्ष-किरणांपेक्षा या माणसाला नेमका लाभ कोणता? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. आम्ही पाहिलेल्या बाई तर खूश झाल्या. याशिवाय एक गोष्ट प्रश्नांच्याही आधीची. कुंकवाच्या, गिरणीच्या, पोत्यांच्या धुळीत काम करणाऱ्या आपल्या लोकांनी तीन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला धुळीवर ढकलू नये. बार्शी काही लांब नाही. गाठ लहान असताना सापडली, तर नेम कोणताही सोपाच असतो.

आणि टेबलावर निजण्याची वेळ आलीच, तर दम कोंडू नये. सांगतील तेवढाच रोखावा, एरवी घरी घेतो तसा घ्यावा. आयुष्यभर आपण यंत्राच्या तालावर चाललो. येथे एकदा तरी यंत्राला आपल्या तालावर चालू द्यावे.